वाचकांचे प्रश्न : अंगावरचे दिवे, डोळ्यांपुढचे पडदे

अंगावर घालायचे दिवे आणि छोटे डिस्प्ले यांबद्दल कोकण किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. ज्यांनी सर्किटचे फोटो पाठवले त्यांचं काम सोपं झालं. पुढच्या वेळी फोटोसोबत मल्टिमीटरची दोन मापंही लिहा.

प्रश्न : आमच्या दशावतारी मंडळात देवीच्या मुकुटाला ४० एलईडींची पट्टी बसवली आहे. दिवे डब्ल्यूएस २८१२बी जातीचे, कंट्रोलर ईएसपी ३२, कमरेला पॉवर बँक. घरी सगळं नीट चालतं. युद्धाच्या प्रवेशात मात्र दिवे वेडेवाकडे लुकलुकतात, पांढरा रंग लावला की शेवटचे दिवे तांबूस दिसतात, आणि काळोखाच्या प्रवेशानंतर कधीकधी पट्टी पेटतच नाही. (कुडाळ)

तीन तक्रारी, तीन वेगळे दोष. एकदम सगळं बदलू नका, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही.

आधी तांबूसपणा, कारण तो हिशेबाने सुटतो. या जातीचा एक दिवा पूर्ण पांढऱ्यावर सुमारे ६० मिलिअँप घेऊ शकतो. ४० दिव्यांचे झाले २.४ अँपिअर. कमरेपासून मुकुटापर्यंत तुम्ही टेलिफोनची बारीक वायर वापरली आहे, ती ०.१ चौरस मिमीची धरली तर जाऊन-येऊन मीटरभर अंतरात साधारण ०.३४ ओहम रोध होतो. २.४ अँपिअरला ०.८ व्होल्ट वायरमध्येच खर्च! त्यात पट्टीच्या तांब्याची आणि यूएसबी केबलची घट मिळवा. लाल एलईडीला जेमतेम २ व्होल्ट लागतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या वर. म्हणून व्होल्टेज पडलं की आधी निळा मरतो, मग हिरवा, आणि लाल उरतो. ०.५ चौरस मिमीची सिलिकॉन आवरणाची मऊ वायर घ्या, घट ०.१७ व्होल्टवर येईल. पॉझिटिव्ह आणि ग्राउंड पट्टीच्या दोन्ही टोकांना जोडा.

पण मुळात पूर्ण पांढरा लागतोच कशाला? मुकुटाला सोनेरी उजेड शोभतो. लाल २५५, हिरवा १२०, निळा शून्य ठेवा आणि एकूण तेजस्विता पाव करा. मग एक दिवा ८ मिलिअँपच्या आसपास घेतो, सगळे मिळून ०.३३ अँपिअर. डोळ्याला हा पाव उजेड पावापेक्षा बराच जास्त वाटतो, कारण डोळ्याची मोजपट्टी सरळ रेषेत चालत नाही. ५,००० मिलिअँपअवरची पॉवर बँक ५ व्होल्टला प्रत्यक्षात ३,००० च्या आसपास देते. कंट्रोलरचे ८० मिलिअँप धरूनही सात तास निघतात. जत्रेतला रात्रभराचा प्रयोग त्यात बसतो.

आता लुकलुकणं. इथे दोन संशयित आहेत. ईएसपी ३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, तर पाच व्होल्टवरच्या या दिव्याला ‘एक’ ओळखायला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट हवेत. घरी नशिबाने चालतं, हललं की चुकतं. उपाय म्हणजे ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टपर्यंत उचलणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप मध्ये घालणं. ती ५ व्होल्टवर चालवा, न वापरलेल्या इनपुट पिना ग्राउंडला बांधा, आणि डेटा वायरीत पहिल्या दिव्याच्या अगदी जवळ ३३० ओहमचा रेझिस्टर टाका. पट्टीच्या सुरुवातीला १,००० मायक्रोफॅरड, निदान ६.३ व्होल्टचा कपॅसिटर लावा.

दुसरा संशयित म्हणजे तुटलेली ग्राउंड. वायर डाखाच्या आत तुटत नाही. जिथे डाख संपून मऊ तार सुरू होते त्या रेषेवर तुटते, कारण कडक आणि मऊ यांच्या सीमेवर सगळा वाक जमतो. आवरण शाबूत असल्याने बाहेरून काही दिसत नाही. मल्टिमीटर बझरवर ठेवून वायर डाखाजवळ चारी दिशांना वाकवा; आवाज तुटला की दोष सापडला. नव्याने जोडताना डाखापासून २ सेमीवर वायरीचा एक सैल वेढा घ्या आणि तो मुकुटाच्या पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधा. नुसत्या ग्लू गनवर विसंबू नका, घामाने आणि उष्णतेने तो सुटतो. मानेपाशी ओढ बसताच आपोआप सुटणारा कनेक्टर हवाच. मुकुट कशात अडकला तर वायर सुटावी, नटाची मान ओढली जाऊ नये.

तिसरा दोष पॉवर बँकेचा, आणि तो खरं तर दोष नाहीच. ठरावीक पातळीखाली विद्युतप्रवाह गेला की ‘मोबाइल काढला’ असं समजून बँक स्वतःला बंद करते. काळोखात सगळे दिवे विझवले की प्रत्येक दिव्याची चिप मिलिअँपभर घेते, तेवढ्याने बँक जागी राहत नाही. मुकुटाच्या आतल्या बाजूचे चार दिवे काळ्या पट्टीने झाकून कायम पेटते ठेवा. प्रत्येकी निळा पूर्ण दिला तर सुमारे ८० मिलिअँपची भर पडते. काही बँकांना तेवढंही पुरत नाही. त्यांना मोजून बघावं लागेल.

जाता जाता एक सुचवणी. नुसते एलईडी बाहेर तोंड करून लावले की प्रेक्षकांच्या डोळ्यांत ठिपके टोचतात आणि नटाचा चेहरा काळा पडतो. दुधी अॅक्रिलिक लावणार असाल तर दिव्यापासूनचं अंतर निदान दोन दिव्यांमधल्या अंतराएवढं ठेवा; मीटरला ६० दिव्यांच्या पट्टीसाठी ते १७ मिमी होतं. मुकुटात तेवढी खोली नसेल तर पट्टी उलटी, आत तोंड करून बसवा आणि मागच्या बेगडीवर उजेड पाडा. बेगड चमकते, ठिपका दिसत नाही, आणि ते जास्त देखणं दिसतं असं आमचं मत आहे.

प्रश्न : डिप्लोमाच्या प्रकल्पासाठी चष्म्यावर ०.९६ इंची ओएलईडी लावून त्यावर बोटीचा वेग आणि दिशा दाखवायची आहे. डोळ्यापासून ३ सेमीवर अक्षरं धूसर दिसतात. काचेचा तुकडा ४५ अंशांत ठेवून प्रतिबिंब पाहिलं तर दोन प्रतिमा, अक्षरं उलटी, आणि बाहेर उन्हात काहीच नाही. (रत्नागिरी)

३ सेमीवर कुठल्याच डोळ्याला स्पष्ट दिसत नाही; आरामात वाचायला २५ सेमी लागतात. मध्ये भिंग हवं. ४० मिमी नाभीय अंतराचं, २० ते २५ मिमी व्यासाचं सपाट-बहिर्वक्र भिंग घ्या. डिस्प्ले बरोबर ४० मिमीवर ठेवला तर प्रतिमा अनंत अंतरावर जाते, ३८.५ मिमीवर ठेवला तर सुमारे मीटरभर पुढे दिसते. म्हणजे सगळा खेळ दीड मिलिमीटरचा आहे. डिस्प्ले कायमचा चिकटवू नका. दोन स्क्रूंच्या खाचेत पुढे-मागे सरकेल असा बसवा आणि ज्याचा त्याने जुळवून घ्यावा. चष्मा लागणाऱ्याला चष्म्यासकट जुळवू द्या.

भिंगाची कुठली बाजू डोळ्याकडे? पुस्तकी उत्तर ‘फुगीर बाजू डोळ्याकडे’ असं आहे आणि मध्यभागासाठी ते बरोबर आहे. पण डोळा भिंगापासून २० मिमी दूर असतो, त्यामुळे कडेची किरणं तिरकी येतात. तिथे सपाट बाजू डोळ्याकडे ठेवल्याने कडा अनेकदा सुधारतात. दोन्ही करून बघा. तुम्हाला चारच आकडे दाखवायचे आहेत, तेव्हा मध्यभाग महत्त्वाचा.

किती मोठं दिसेल? या डिस्प्लेचा उजळणारा भाग २१.७ मिमी रुंद आहे, म्हणजे ४० मिमीच्या भिंगातून साधारण ३० अंश. १२८ पिक्सेल ३० अंशांत पसरले की अंशाला चारच पिक्सेल येतात; निरोगी डोळ्याची क्षमता ६० च्या घरात. ८ पिक्सेल उंचीचं अक्षर दोन अंशांचं होतं, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढं. वाचायला उत्तम, पण ३० अंशांवर पसरलेली ओळ वाचताना डोळा फिरवावा लागतो. मधले ६४ पिक्सेलच वापरा.

उलटी अक्षरं एका परावर्तनामुळे येतात आणि ती सॉफ्टवेअरमध्ये सुटतात. डिस्प्ले चालवणाऱ्या एसएसडी १३०६ या चिपला बहुतेक लायब्ररी सुरुवातीला ए१ आणि सी८ अशा दोन हेक्स आज्ञा पाठवतात. दोन्ही बदलल्या तर चित्र १८० अंशांत फिरतं, फक्त एक बदलली तर आरशासारखं उलटतं. सी८ तशीच ठेवून ए१ च्या जागी ए० पाठवा. उलट्या अक्षरांचा वेगळा फॉन्ट बनवत बसण्यात अर्थ नाही.

दोन प्रतिमा दिसतात, कारण काचेचे पुढचे आणि मागचे असे दोन्ही पृष्ठभाग परावर्तन करतात. इथे क्रम महत्त्वाचा आहे. भिंग काचेच्या आधी, म्हणजे डिस्प्ले, भिंग, मग काच असं ठेवलं आणि प्रतिमा अनंतावर नेली, तर दोन्ही परावर्तित शलाका समांतर निघतात आणि डोळ्यात एकच प्रतिमा होते. काच भिंगाच्या अलीकडे, डिस्प्लेच्या बाजूला ठेवली तर ती दुसरी, भुतासारखी प्रतिमा जाणार नाही. जागेअभावी तिथेच आरसा लावून प्रकाश वळवायचा असेल तर मोडक्या फ्लॅटबेड स्कॅनरमधला आरसा काढा. त्याचा मुलामा पुढच्या पृष्ठभागावर असतो. पुसायचा असेल तर फुंकर आणि मऊ ब्रश, कापड लावू नका.

उन्हातली अडचण मात्र जुळवाजुळवीने सुटणारी नाही. साधी काच ४५ अंशांत दोन्ही पृष्ठभाग मिळून जेमतेम १० टक्के प्रकाश परतवते. डिस्प्ले शंभरेक निटचा (निट म्हणजे पडद्याच्या तेजस्वितेचं एकक) धरला तर डोळ्यात १० निट. समुद्रावर दुपारचं आकाश काही हजार निटचं असतं. पारदर्शक पडद्यावरचं अक्षर वाचता यावं म्हणून त्याने मागच्या उजेडात निदान पाचव्या हिश्शाची भर घालायला हवी. ओएलईडीची तेजस्विता दुप्पट केली तरी तुम्ही त्या आकड्याच्या आसपासही पोचत नाही, उलट त्याचं आयुष्य घटतं. तेव्हा पारदर्शकतेचा हट्ट सोडा. नजरेच्या रेषेखाली, गालाच्या बाजूला अपारदर्शक पेटी ठेवा, आतून मॅट काळा रंग द्या आणि काचेच्या जागी आरसा लावा. मान न हलवता नजर खाली टाकली की आकडे दिसतील. परीक्षकांना हे कमी दिपवणारं वाटेल, पण ते दुपारी बारा वाजता जेटीवर चालेल.

एक धोका लक्षात ठेवा. डोळ्याच्या बाजूने भिंगात ऊन शिरलं तर ते थेट डिस्प्लेवर एकवटतं आणि काही क्षणांत कायमचा डाग पडतो. चष्मा बोटीच्या फळीवर उताणा ठेवू नका. भिंगाला टोपण शिवा.

प्रश्न : पर्यटकांना बोटीतून नेताना पोलराइज्ड गॉगल लावतो. मनगट एका कोनात आलं की घड्याळाचा पडदा काळाठिक्कर होतो. घड्याळ बिघडलं का? (मालवण)

नाही. एलसीडीतून बाहेर येणारा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. रंगीत ओएलईडीवरही बाहेरच्या उजेडाचं परावर्तन मारायला ध्रुवक लावलेला असतो. त्याची दिशा आणि गॉगलची दिशा काटकोनात आली की अंधार. गॉगल काढून हातात धरा आणि घड्याळासमोर फिरवा, ९० अंशांत उजळ ते काळा असा बदल दिसेल.

सोपा उपाय आधी करून पाहा : पडद्यावर टेम्पर्ड काचेऐवजी प्लास्टिकचा, पीईटीचा स्क्रीन गार्ड. ताणून बनवलेला हा प्लास्टिक पापुद्रा ध्रुवण बदलतो. पडदा पूर्ण काळा होणं थांबतं, बदल्यात थोडे इंद्रधनुषी पट्टे दिसतात. नेमका उपाय म्हणजे पाव-तरंग फिल्म ध्रुवकाशी ४५ अंशांत चिकटवणं. मग प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित होतो आणि कुठल्याही कोनात निम्मा तरी गॉगलमधून येतो. नवं घड्याळ घेणार असाल तर उन्हासाठी परावर्तक एलसीडी बरा, जितकं ऊन तितका ठळक. मात्र ध्रुवक त्यालाही असतो. ध्रुवक मुळीच नसलेला पडदा ई-पेपरचा, पण तो सावकाश बदलतो. वेळ पाहायला ठीक, सेकंद मोजायला नाही.

प्रश्न : माझ्याकडे हेडलॅम्प आणि कॉलर लाइट दुरुस्तीला येतात. एका पावसाळ्यात बोर्ड हिरवे पडतात. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन भरून सील केले तर ते आणखी लवकर गेले. काही दिवे जळले नाहीत, पण काळवंडले आहेत. (हर्णे)

ट्यूब उघडताना व्हिनेगरचा वास आला होता का? ते सिलिकॉन सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं आणि ते आत कोंडून तांबं खातं. बाथरूमच्या फरशीला ते चालतं, बोर्डाला नाही. न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, त्यातही अल्कोक्सी जातीचं मागा.

आणखी एक गोष्ट दुरुस्तीत सर्रास चुकते. खारं पाणी गेलेला बोर्ड लोक थेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात. मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. आधी बॅटरी काढा, डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने दोनदा धुवा, मग पाणी हाकलायला अल्कोहोल, मग ५० ते ६० अंशांवर तीन-चार तास सुकवा. त्यानंतर अॅक्रिलिक कोटिंगचे दोन पातळ हात द्या, पहिला सुकल्यावर दुसरा. कनेक्टर, स्विच आणि एलईडीचा प्रकाश देणारा पृष्ठभाग टेपने झाका. न धुता कोटिंग केलं तर मीठ आत कोंडलं जातं आणि बुडबुडे येतात.

बोर्डावर कायम व्होल्टेज असेल तर गंज कित्येक पट वेगाने चढतो. ओल आणि मीठ असताना दोन पॅडांमध्ये धातूचे तुरे वाढत जातात आणि शेवटी शॉर्ट होतो. म्हणून स्विच बॅटरीच्या अगदी पॉझिटिव्ह टोकाशी हवा. बोर्डावरच्या चिपला ‘झोपवणारं’ बटण पुरत नाही.

काळवंडलेल्या दिव्यांचं कारण बहुधा तुमच्या गॅस्केटमध्ये आहे. एलईडीच्या तळाशी चांदीचा मुलामा असतो आणि त्यावरचं सिलिकॉन वायू आत येऊ देतं. गंधक घालून पक्कं केलेल्या काळ्या रबरातून गंधकाची संयुगं निघतात, चांदी काळी पडते. सिलिकॉनची ओ-रिंग वापरा.

आणि ‘आयपी ६७’ या शिक्क्यावर फार विसंबू नका. ती चाचणी मीटरभर गोड्या पाण्यात अर्ध्या तासाची असते. पेटून ४५ अंशांवर तापलेला दिवा २८ अंशांच्या समुद्रात बुडाला की आतल्या हवेचा दाब सुमारे ५ टक्क्यांनी पडतो. ही ओढ अर्धा मीटर पाण्याच्या दाबाएवढी आहे आणि प्रत्येक बुडीला ती सील चोखते. पाणी अडवून हवा सोडणारं छोटं व्हेंट बसवा, किंवा आतली पोकळी पॉटिंगने, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या रसायनाने भरूनच टाका.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी सीआर २०३२ बटण सेलवर निळ्या एलईडीचा बिल्ला केला. लवकरच मंद पडला. (दापोली)

सेल ३ व्होल्टचा, निळ्या एलईडीची गरज जवळपास तेवढीच. थोडं व्होल्टेज पडताच उजेड जातो. लाल एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर लावा. सव्वादोन मिलिअँप लागतील आणि अंगावरच्या बिल्ल्याला तेवढा उजेड पुरतो. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारंच घ्या. लहान मुलाने सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते. क्षणभरही न थांबता रुग्णालयात न्यायचं.

प्रश्न : हेडलॅम्पवर १,००० लुमेन लिहिलं आहे, पण रात्री होडीतून दहा मीटरवरचा बोया नीट दिसत नाही. आणि लाल दिव्याचा उपयोग काय? (वेंगुर्ला)

लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. चांगला एलईडी वॉटला शंभरेक लुमेन देतो. १,००० लुमेनला १० वॉट, म्हणजे ३.७ व्होल्टच्या एका सेलमधून २.७ अँपिअर. २,००० मिलिअँपअवरचा सेल पाऊण तासात संपेल आणि प्लास्टिकची पेटी कपाळाला चटका देईल. तुमचा दिवा गार राहून रात्रभर चालत असेल तर तो आकडा फक्त खोक्यावरचा.

तसंही लांबचं दिसायला लुमेनपेक्षा भिंगाचा कोन ठरवतो. खरे १०० लुमेन ६० अंशांत पसरले तर दहा मीटरवर सव्वा लक्सच्या (वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास उजेड पडतो. तेच १० अंशांत बांधले तर ४० लक्सच्या वर. जाळं सोडवायला रुंद कोन, बोया शोधायला अरुंद. दोन वेगळे एलईडी आणि दोन भिंगं असलेला दिवा घ्या.

अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या दिव्याचा एक झोत ते घालवतो. रात्री पाहणाऱ्या दंडपेशी गडद लाल, म्हणजे ६२० नॅनोमीटरच्या पुढच्या प्रकाशाला फारशा जुमानत नाहीत. म्हणून दोऱ्या-गाठी पाहायला मंद लाल दिवा, खाली वाकवलेला. पाच-दहा मिलिअँपवर चालवा. तोच लाल दिवा १०० मिलिअँपवर पेटवलात तर सराव जातोच. तो बाहेरच्या बाजूला रोखू नका. होडीच्या डाव्या बाजूचा नियमाचा दिवा लालच असतो, आणि समोरून येणाऱ्या ट्रॉलरच्या तांडेलाला तुमचं कपाळ ती बाजू वाटू शकतं.